परातीतलं मटण

आमच्या सासुरवाडीत माझ्याइतका शिकलेला जावई दुसरा नव्हता, हे मीच सगळ्यांना सांगत असे. निजामाच्या राज्यात अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेबांनी मला भिंगाच्या नळीतून पेशी दाखवल्या होत्या. कातड्याच्या वेगळ्या, मांसाच्या वेगळ्या, मज्जेच्या वेगळ्या!

बायकोला, भिवरेला, माहेरून न्यायला मी सिरसाळ्याला गेलतो. सासऱ्यांनी, म्हणजे धोंडीराममामांनी, माझ्यासाठी बोकड कापला. सासूबाई बायनाबाईंनी ताजं मटण परातीत घेतलं, वर मीठ टाकलं, आणि मटण हललं.

आधी एक तुकडा थरथरला. मग शेजारचा. मग झोपेत कूस बदलावी तशी सगळी परात. सासूबाई परातीपासून मागं सरकल्या.

"मामी, भिऊ नका," मी म्हणालो. "बोकड मेलाय, पण त्याच्या पेशी अजून जित्या आहेत. मीठ लागलं की मज्जेच्या पेशी मांसाच्या पेशींना निरोप देतात."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "काय निरोप देत्यात?"

"आखडा म्हणून."

"मंजी बोकडाचा राग अजून गेला न्हाई," मामा हळूच म्हणाले.

त्यांची भीती घालवायला मी एक तुकडा तळहातावर घेतला. त्यानं माझ्या अंगठ्याला ढुसणी दिली. तिथून मी अंगणात कसा पोचलो, ते मला आजही सांगता येत नाही.

परत आलो तर सासूबाई भिवरेला पाठीशी घालून उभ्या.

"जावईबापू, तुमाला त्यांचं बोलणं कळतंय. मंग त्यास्नी गप ऱ्हायला सांगा. त्याबिगर लेक धाडणार न्हाई."

काय करता? परातीपुढं हात जोडले आणि म्हणालो, "बाबांनो, आता पुरे."

पेशींचा दम नेमका तेव्हाच संपला. शेवटचा तुकडा एकदा उचकला आणि सगळं शांत झालं. मामांनी माझे पाय धरले.

पंगतीत सगळ्यांनी पिठलं-भाकरी घेतली. मटण एकट्या माझ्या ताटात. भिवरा वाढायला वाकली आणि कुजबुजली, "हलतंय का ओ?"

"न्हाई," म्हणालो आणि घास गिळला.

तेवढ्यात पोटात काहीतरी हळूच हललं. ते माझं स्वतःचंच आतडं असणार, शास्त्र मला पाठ होतं. पण दुसरा घास काही मी घेतला नाही.