मेहुण्याचं मशीन जपाला बसलं

एकच प्रोग्रॅम करायचा, चालतो का बघायचं आणि लगेच बंद करायचं, एवढंच शिवपुत्रानं त्या रविवारी ठरवलं होतं. बस्स! माणसानं आपल्या घरात बसून एवढंसुद्धा ठरवू नये की काय?

आता शिवपुत्र म्हणजे कोण, तर मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचा दिवाणजी. तूर, हरभरा, ज्वारी, हमाली, तोलाई, सगळं त्याच्या जिभेवर. पण विजेवर चालणारी कुठलीही वस्तू दिसली की हा दोन पावलं मागं. इस्त्रीचं बटण लावायचं तर आधी पायात रबरी चप्पल, आणि लावून झाल्यावर लांबून नमस्कार. असल्या माणसाच्या दोन खोल्यांत अमेरिकेतला कॉम्प्युटर येऊन बसावा, याला नशीब नाही तर काय म्हणायचं!

कॉम्प्युटर मेहुण्याचा. मेहुणा म्हणजे मल्लप्पा, शिवपुत्राच्या बायकोचा, कमलम्माचा, थोरला भाऊ. अमेरिकेत इंजिनियर. साल एकोणऐंशी. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या त्यांच्या गल्लीत अजून टीव्हीसुद्धा आला नव्हता, आणि हा गडी थेट घरात ठेवायचा कॉम्प्युटर घेऊन आला. खाली टाइपरायटरसारखी बटणं, वर काळी काच, काचेत उमटणारी पांढरी अक्षरं. मल्लप्पाला आता कायमचं इकडं यायचं होतं. मंगळवारी पुण्याच्या एका कंपनीचे साहेब सोलापुरात येणार, हा त्यांना मशीन चालवून दाखवणार, आणि साहेब खूष झाले की पुण्यात नोकरी पक्की. कमलम्मा इतकी वर्षं एकुलत्या भावाच्या पत्रांवर जगत होती. "अण्णा परत येतोय," एवढं म्हणतानाही तिचे डोळे भरून यायचे. म्हणजे मशीनला काही झालं तर नोकरी गेली, भाऊ गेला, आणि शिवपुत्राचं काय झालं असतं ते विचारूच नका.

शनिवारी मल्लप्पा मुलगी बघायला वैरागला गेला. जाताना शिवपुत्राच्या हातात एक इंग्रजी पुस्तक ठेवून म्हणाला, "दाजी, बेसिक शिका. कॉम्प्युटरशी बोलायची भाषा आहे, लई सोपी. फक्त एक सांभाळा. अमेरिकेची वीज आपल्या निम्म्या जोराची, म्हणून मधे हा ट्रान्सफॉर्मर लावलाय. अर्ध्या तासानं बंद करायचं. हा डबा फार तापला, की मशीन जळलंच समजा."

हे ऐकल्यावर शहाण्या माणसानं त्या खोलीत पाऊल टाकू नये. शिवपुत्रानं टाकलंही नसतं. पण दुकानात मालक म्हणाले होते, "दिवाणजी, तुमच्याकडं म्हणे कॉम्प्युटर आलाय. तो म्हणे एकटा दहा दिवाणजींचं काम करतो." हे 'म्हणे' काही त्याच्या डोक्यातून जाईना. इकडं मशीनची भीती, तिकडं मालकाची. शेवटी रविवारी दुपारी जेवणं झाली, आई आडवी झाली, कमलम्मा भांडी घासायला बसली, आणि हा चप्पल चढवून मशीनसमोर बसला. बाहेर सोलापूरचं वैशाखातलं ऊन, आत पंखा गरम वारा टाकतोय, आणि शेजारी तो डबा गुंऽऽ करून घुमतोय.

पुस्तकातला पहिला धडा सरळ होता. ओळींना नंबर द्यायचे. दहा नंबरला लिहायचं 'प्रिंट हॅलो', म्हणजे काचेवर हॅलो उमटणार. वीस नंबरला लिहायचं 'गो टू दहा', म्हणजे परत दहाव्या ओळीवर जा. मग 'रन' म्हणायचं की झालं. पण शिवपुत्र पडला दिवाणजी. नवी वही उघडली की आधी देवाचं नाव, नवं पेन घेतलं तरी आधी देवाचं नाव. एवढ्या मोठ्या यंत्राची बोहनी हॅलोनं करायची? त्याला धीर होईना. (देव रागावला तर निदान नवस बोलता येतो, यंत्र रागावलं तर काय बोलणार?) त्यानं हॅलो गाळलं आणि एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत, 'ओम नमः शिवाय' इंग्रजीत टाइप केलं.

पहिल्या खेपेला काहीतरी चुकलं. काचेवर आलं, 'सिंटॅक्स एरर'. शिवपुत्राला दरदरून घाम फुटला. सेल्स टॅक्स ठाऊक, इन्कम टॅक्स ठाऊक, हा कुठला नवा टॅक्स? आणि आपण आडत दुकानात कामाला आहोत हे या बाबाला कुणी सांगितलं? त्यानं आधी दाराला कडी घातली, मग सगळं पुन्हा टाइप केलं आणि डोळे मिटून 'रन' दिलं.

डोळे उघडले तर काच भरून गेली होती. ओम नमः शिवाय, ओम नमः शिवाय, खालून नवी ओळ येतेय, वरची जातेय, दम म्हणून नाही. हे आपण केलं! थांबवायचं बटण कुठलं ते पुस्तकात दाखवलेलं होतं. त्याचं बोट तिकडं निघालंही, एवढ्यात दार वाजलं.

"कडी का घातलीयस रे? काय करायलास आत?"

ही त्याची आई, गौरम्मा. सगळे तिला अव्वा म्हणत. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसायची. शिवपुत्रानं कडी काढली.

"काही नाही अव्वा. बंदच करतोय."

"ते काय लिहिलंय?"

इथं त्यानं खोटं बोलायला पाहिजे होतं. पण आईसमोर त्याला जन्मात कधी ते जमलं नव्हतं. "ओम नमः शिवाय."

"सगळीकडं तेच?"

"सगळीकडं तेच."

"आणि थांबतंय कधी?"

"थांबत नाही. आपण थांबवलं तरच."

गौरम्मानं दोन्ही हात जोडले. "शिव शिवा! माझ्या घरात अखंड जप सुरू झालाय की रे!" शिवपुत्राचं बोट पुन्हा बटणाकडं वळलं, तसं तिनं त्याचं मनगट धरलं. "खबरदार! सुरू झालेला जप मधेच मोडतोस? आमच्या माहेरी सांगोल्याला एकानं मोडला होता. महिन्यात जीभ जड झाली त्याची. मरेपर्यंत धड पाणी मागता आलं नाही."

शिवपुत्राची जीभ तिथंच जड झाली. मोठ्या कष्टानं त्यानं विचारलं, "मग चालू किती वेळ ठेवायचं?"

"उद्या सोमवार. उद्या दिवस मावळेपर्यंत."

कमलम्मा पदराला हात पुसत आली. तिनं डब्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "अहो, हे तापलंय की! अण्णा काय सांगून गेला होता?"

"तुझ्या अण्णानं अर्धा तास सांगितलाय, माझ्या आईनं उद्यापर्यंत. आता तूच सांग मी कुठं जाऊ."

"अव्वा," कमलम्मा रडवेली होऊन म्हणाली, "अण्णाचं मशीन जळंल. त्याची नोकरी जाईल."

"देवाच्या नावानं काही जळत नसतंय," गौरम्मा म्हणाली, आणि शेजारच्या तानाबाईला बोलवायला गेली.

तानाबाई आली ती नारळ घेऊनच. मशीनला हळदकुंकू लागलं, काचेला फूल चिकटलं. शिवपुत्र नारळावर डोळा ठेवून होता. तो मशीनजवळ फुटला असता, तर हा तिथंच फुटला असता. नारळ उंबऱ्यावर फुटला, तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला. आता एकच आशा उरली होती, वीज जाण्याची. उन्हाळ्यात बाळीवेशीतली वीज दुपारी हटकून जायची. पंख्याकडं बघत त्यानं मनातल्या मनात वीज मंडळाचा धावा सुरू केला. पंखा फिरतच राहिला.

"बगा, देवाची करणी," तानाबाई म्हणाली. "रोज मेली वीज जातीया, आज गेली का?"

मग तो हळूच मीटरकडं सटकला. फ्यूज काढायचा आणि वीज मंडळावर ढकलायचं. (हा विचार सुचला म्हणजे भीती कुठवर गेली असेल बघा. एरवी तो मीटरखालून वाकून जायचा.) पण मीटरलाही हळदकुंकू लागलं होतं, वर झेंडूचं फूल. "त्याला हात लावायचा नाही," आतून अव्वाचा आवाज आला. "जपाला वीज तोच पुरवतोय."

तो परत आला, तर खोलीत वेगळाच प्रकार चालला होता. तानाबाईनं डब्याला हात लावून बघितलं होतं. "अगं बया, अंग लईच तापलंय की ह्येचं!" असं म्हणून तिनं मिठाच्या पाण्यात फडकं भिजवलं होतं, आणि आता ती ते डब्यावर ठेवायला वाकली होती.

शिवपुत्र किंचाळला. अशी किंचाळी की तानाबाईच्या हातातलं फडकं सुटून कोपऱ्यात पडलं.

"काय झालं वो? पोरं तापली की आमी असंच करतो न्हवं का?"

"बाई, पाणी पडलं की सगळी मरू!"

"व्हय? मग वाऱ्यानं तर मरत न्हाय न्हवं?" म्हणून तिनं पदरानं वारा घालायला सुरुवात केली. कमलम्माही घालायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तेही डब्यावर पडतंय की काय या धास्तीनं शिवपुत्र मधे हात धरून उभा. आणि डब्यातून आता करपल्यासारखा वास यायला लागला.

त्या वासानं त्याचा धीर सुटला. तो तसाच निघाला आणि भर उन्हात कोपऱ्यावरच्या स्वामींकडं पळाला. घरातलं लग्न, बारसं, सगळं हेच स्वामी करायचे. स्वामी जेवायला बसत होते. "जळतंय स्वामी, चला, घर जळतंय!" एवढंच याला बोलता आलं. स्वामी पाण्याची बादली घेऊनच निघाले. उंबऱ्यावर शिवपुत्रानं ती बादली हातापाया पडून बाहेर ठेवायला लावली.

स्वामींनी सरसरत जाणारी अक्षरं पाहिली आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. गौरम्मानं सगळं सांगितलं. शिवपुत्र नुसता हात जोडून, डोळ्यांत प्राण आणून बघत होता. स्वामींनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा डब्याकडं, आणि नाक दाबलं.

"जप मोडता येत नाही," ते म्हणाले. कमलम्मानं तोंडात पदर कोंबला. "पण मठात काय करतो आपण? एक जण उठायच्या आधी दुसरा सुरू करतो. पाळी बदलते, जप चालूच राहतो. या यंत्राचीही पाळी बदला."

शिवपुत्रानं स्वामींचे पाय धरले.

"पण याच्या जागी बसणार कोण?" गौरम्मानं विचारलं.

तानाबाईला चुलीवरचं दूध आठवलं. स्वामींना ताट आठवलं. गौरम्मा लेकाकडं बघून म्हणाली, "ज्यानं यंत्राला बसवलं, त्यानंच बसायचं. उद्या दिवस मावळेपर्यंत."

मागंपुढं बघायला वेळच नव्हता. शिवपुत्र मांडी घालून बसला, ओरडून "ओम नमः शिवाय" म्हणाला, आणि तसंच म्हणत म्हणत त्यानं बटण दाबलं. अक्षरं जागच्या जागी थांबली. कमलम्मानं वायर ओढली. डब्याची घरघर बंद झाली, वास हळूहळू विरला. तिनं हात लावून बघितलं आणि हसली. शिवपुत्राला तर मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण जपात रडायला जागा कुठं असते?

संध्याकाळी मल्लप्पा वैरागहून आला. मुलगी पसंत पडली होती. आल्या आल्या त्यानं मशीन लावून बघितलं. झकास चालत होतं. घशाची चाळण झालेला शिवपुत्र समोर बसून तोंड हलवत होता. अव्वा उद्याच्या समाप्तीचं आवतण द्यायला गल्लीत गेली होती. ती बाहेर पडताच कमलम्मानं मशीनवरचं हळदकुंकू पुसून फूल काढून टाकलं होतं.

"पुस्तक पहिल्याच पानावर?" मल्लप्पा म्हणाला. "कमळे, दाजींनी हातच लावला नाही की काय मशीनला?"

कमलम्मानं भावाकडं पाहिलं. भाऊ, पुणे, मंगळवारचे साहेब. मग कोपऱ्यातलं फडकं पायानं हळूच खाटेखाली सरकवत ती म्हणाली, "कुठला हात लावतायत! नुसतं समोर जाऊन बसले, आणि दुपारपासून देवाचा धावा चाललाय बघ."

शिवपुत्रानं डोळे वटारले. मान हलवली, हातवारे केले, मशीनकडं, स्वतःकडं, पुन्हा मशीनकडं बोट दाखवलं. सगळं सांगायचं होतं त्याला, पण तोंड मोकळं नव्हतं. त्या तिरमिरीत त्याचा "ओम नमः शिवाय" आणखीच मोठ्यानं निघाला.

मल्लप्पानं घाईघाईनं मशीन बंद केलं आणि वर चादर टाकली. मग खाली बसून, लहान पोराला समजावतात तशा आवाजात तो म्हणाला, "झाकलं बरं का, दाजी. आता नाही काही करणार ते."