गंगाबाई, एक तृतीयांश

सन २००९ मध्ये खांदा कॉलनीत असे सिद्ध झाले, की माणूस चौकटीच्या मधोमध आला की फोटो बिघडतो. तोवर आम्ही सगळे बिघडलेल्या फोटोंतच जगत होतो. लग्नात, मुंजीत, बारशाला मधोमध ताठ उभे राहायचो आणि छान दिसतो असे समजायचो.

हा शोध परेश सरांच्या छायाचित्रण वर्गात लागला. (वर्ग सोसायटीच्या हॉलमध्ये भरे, कुणाचे तेरावे असले की सुट्टी.) विद्यार्थ्यांत सर्वांत वयस्क मी. कॅमेरा नातवाने स्वतःकडे ठेवून मला नुसतेच वर्गाला पाठवले होते. सर म्हणत, "आजी, तुम्ही जरा कडेला बसा." रचनेच्या दृष्टीने ते योग्यच होते.

पहिला स्वाध्याय पनवेलच्या मासळी बाजारात झाला. उरणहून मासे घेऊन येणाऱ्या गंगाबाईने आम्हाला स्वतःच हटकले. तिचा नवरा बुधाजी वारला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो निघाला नव्हता. भिंत रिकामी राहिली. आपले तसे होऊ नये, एवढीच तिची इच्छा.

"माजा येक चांगला फोटू काडा रं. मेल्यावर लावाला."

तिने केस चापून बसवले, नथ नीट केली आणि कॅमेऱ्यांकडे पाहून हसली.

वर्गाने मनापासून काम केले. प्रांजलने तृतीयांशाचा नियम पाळला: डाव्या कडेला गंगाबाई, उरलेल्या दोन भागांत बर्फ. कोमलने रिकाम्या जागेचे महत्त्व ओळखले: तळाशी गंगाबाईचा अंबाडा, वर सगळे आकाश. भगवानने नजर ओढून नेणाऱ्या रेषा साधल्या: सुक्या बोंबलांच्या रांगा दूर जिथे एकत्र येतात, तिथे मोहरीएवढी गंगाबाई. (भिंगातून पाहिल्यास हसताना दिसते.) पहिले बक्षीस दिपाला. तिच्या फोटोत सुरमई कापणारा फक्त हात होता. शीर्षक: 'ती'.

प्रदर्शनाला गंगाबाई सुनेला घेऊन आली. हॉलभर दोनदा फिरली.

"आरं, मी यात कुठं हाय?"

"मावशी, सगळीकडे तुम्हीच आहात," सर म्हणाले.

"नि माजं त्वांड?"

"माणूस मधोमध आणला की फोटो निर्जीव होतो, मावशी."

"मंग तसाच काडा की! मी तरी कुठं जित्तेपनी लावनार हाय?"

सरांनी ही सूचना पुढच्या तुकडीसाठी राखून ठेवली. पुढची तुकडी निघाली नाही.

परेश सर आता लग्नांचे फोटो काढतात; नवरा-नवरी एका कडेला, मधोमध झुंबर. कोमल कॅनडात आहे. तिकडे आकाश भरपूर. प्रांजलने बँकेत नोकरी धरली. दिपाने आणखी चार बक्षिसे मिळवली, सगळी हातांचीच. भगवानचे एसटी स्टँडसमोर पासपोर्ट फोटोंचे दुकान आहे. दिवसभर माणसे मधोमध बसवावी लागतात, त्यामुळे तो खंगत चाललाय.

गंगाबाई २०१४ साली गेली. घरच्यांनी बक्षीसपात्र फोटोच मोठा करून लावला. हार मनगटावर शोभतो. सून रोज अंगठ्याला गंध लावते. नातवंडे परीक्षेला जाताना सुरमईसकट नमस्कार करतात.

तुमच्या मोबाइलमध्ये तुमच्या आईचा फोटो असेलच. शोधा, मी थांबते. वाढदिवसाचा केक आहे ना, त्याच्या उजव्या कडेला एक कोपर दिसतंय बघा.

रचना उत्तम साधली आहे.