शामभाऊंचा चेंबर

आमच्या शेजारच्या शामभाऊंच्या घरी नवा कुकर आला, की पहिला भात शिजण्याआधी त्याची शिट्टी आणि रिंग बदलली जाते. नव्या कूलरचा पंप खोक्यातून निघतो तो थेट माळ्यावर जातो. त्याच्या जागी भाऊंनी स्वतः पारखून आणलेला दुसरा बसतो. चांगली चालणारी वस्तू काऊन खोलता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं.

"कंपनीले काय माहीत जी, आपलं ऊन?"

वस्तूप्रमाणे या वाक्याचं शेपूट बदलतं. कुकर असेल तर "आपला तांदूळ", नळाची तोटी असेल तर "आपलं पाणी". आवाजातली खात्री मात्र तीच. माझ्या लग्नात आलेल्या मिक्सरचं झाकण त्यांनी मला न विचारता बदललं, आणि राग याचा येतो की तेव्हापासून ते गळत नाही.

भाऊंची मुलगी पौर्णिमा एटापल्लीकडे गुरांची डॉक्टर आहे. वहिनी गेल्यापासून घरात हे दोघंच, त्यातली ती आठवडाभर तिकडे आणि रविवारपुरती चंद्रपुरात. लहानपणीच्या अपघातानं तिचा डावा पाय अधू झाला, म्हणून तिच्याकडे क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी. जुनी आहे, पण ठणठणीत. "माझ्या गाडीले हात लावाचा नाई," असा तिनं बापाला दमच भरला होता, आणि भाऊंनी तो कसाबसा पाळलाही होता.

यंदा पाऊस उघडल्यावर सूरजागडच्या वाटेवर एका खड्ड्यातल्या दगडावर गाडीचं पोट आपटलं. गिअरबॉक्सचा चेंबर, म्हणजे खाली तेल धरून ठेवणारं पत्र्याचं तसराळं, फाटला. तेल वाहून गेलं आणि गाडी भर जंगलात बसली. एका भल्या ट्रकवाल्यानं पोरीला गावापर्यंत आणून सोडलं म्हणून बरं. झालं! मामा, मावशा आणि आम्ही शेजारी, सगळे भाऊंच्या मागे लागलो. गाडी विका, पोरीला बदली मागायला लावा. पौर्णिमाला तिथलं काम सोडायचं नव्हतं. पण शेवटी तीही कंटाळून म्हणाली, "बाबा, आणखी एकदा असं झालं तर मागीन बदली."

"आणखी काऊन होईन?" भाऊ म्हणाले. "कंपनीले काय माहीत, आपला रस्ता?"

कंपनीचा नवा चेंबर मिळत होता. भाऊंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी नागपूरहून दुसऱ्याच कुणी बनवलेला, जाड ॲल्युमिनियमचा मागवला. आला तोही कसा देखणा! अंगाला पन्हाळ्या, खाली तेल सोडायला वेगळा बोल्ट. भाऊंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि गल्लीभर फिरवून दाखवला. रफिकभाई मिस्त्रीनं तो गाडीखाली धरून पाहिला आणि हसतच सुटला.

"भाऊ, हा तर पह्यल्यापेक्षा दोन बोटं खाली येऊन राह्यला. आता दगडाले मेहनतच नाई!"

बाहेरच्या वस्तूनं भाऊंना दगा देण्याची ही पहिलीच वेळ. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. भाऊंनी चेंबर उलटासुलटा करून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "याच्या कंपनीलेबी नाई माहीत आपला रस्ता."

दुसरा आला तो जाडच, पण जुन्याइतक्याच खोलीचा. तो बसवताना भाऊ रफिकभाईच्या डोक्यावर उभे. "एका बाजूनं कसत नको जाऊ, समोरासमोरचे बोल्ट घे." आयुष्यभर तेच करत आलेला रफिकभाई गाडीखालून म्हणाला, "भाऊ, तुमी चहा सांगा ना." तेल भरलं, इंजिन गरम करून सगळे गिअर फिरवले, तेल पुन्हा तपासलं. खाली थेंब नाही.

पुढच्याच रविवारी पौर्णिमा आली ती हसत-ओरडतच. गाडी पुन्हा दगडावर आपटली होती. चेंबरला नुसता ओरखडा! "आता कोणी बदलीचं नाव काढाचं नाई," तिनं आम्हा सगळ्यांना बजावलं, आणि सोमवारी सकाळी हॉर्न वाजवत निघून गेली.

मी चेष्टा करायला म्हणून भाऊंकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"काय भाऊ, जिंकले तुमी!"

"जिंकलो ना जी." ते रस्त्याकडे बघत होते. "कंपनीचा पत्र्याचाच टाकला असता, तर दिवाळीपर्यंत पोरगी घरी आली असती."

आम्ही सगळे ज्या बदलीसाठी त्यांचं डोकं खात होतो, ती आमच्यापैकी कुणालाही नसेल इतकी त्यांना हवी होती. मला फार वाईट वाटलं.

"मंग काऊन नाई टाकला भाऊ?"

"तिले तिथी करमते," भाऊ म्हणाले. "मले इथी नाई करमत, ते वेगळं."