चालू गाडीवरचा शेषेराव

शेषेराव ड्रायव्हर गाडी चालू केल्याशिवाय कुणाशी बोलत नाही.

तुम्ही त्याच्या दारात गेलात की तो आधी उठतो. ओट्याजवळ मधल्या स्टँडवर उभ्या असलेल्या मोटारसायकलला किक मारतो, टांग टाकून वर बसतो, दोन्ही हातांनी हँडल धरतो आणि मग म्हणतो, "हं, बोला." गाडी जागची हलत नाही. मागे दोन सायलेन्सर निळा धूर सोडत बसतात. तुम्ही लग्नाची पत्रिका द्यायला आला असाल किंवा नुसतेच खुशाली विचारायला, ओरडून बोलायचं आणि डोळे चोळत परत फिरायचं. त्याचा साडू वारला तेव्हा निरोप्याला ती बातमी इतकी मोठ्याने सांगावी लागली, की शेजारच्या चार घरांत सुतक असल्यासारखी चूल विझली.

"पेट्रोल काय फुकट मिळतं का, आण्णा?" मी एकदा विचारलं.

"तुझ्या बापाचं जाळायलो का?"

त्याची बायको पार्वतीकाकू आतून चहा घेऊन आली. मला कपात काठोकाठ. त्याला एका उंच स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धाच. त्याने तो पेला टाकीवर ठेवून दिला आणि मी जाईपर्यंत तोंडाला लावला नाही. मला वाटलं, नवऱ्याचीही साखर वाचवणारी बाई दिसते.

शेषेराव हे त्याचं खरं नाव नाही. त्याच्या गाडीला मी पुढे तांबडी म्हणणार आहे, ती तांबडीही नाही. एका सौद्यातली गोष्ट सांभाळायची आहे, म्हणून एवढी लबाडी. बाकी सगळं जसं घडलं तसं. आणि तोंडावर मी त्याला आण्णा म्हणतो, तुम्ही म्हणतो, कारण वयाने तो मोठा आहे. इथे मात्र अरेतुरे करणार. त्याने माझा जो अपमान केला त्या मानाने हे काहीच नाही.

मी जुन्या गाड्यांचा व्यापारी. पाथरीत सोनपेठ रस्त्याला माझं पत्र्याचं शेड आहे. त्याआधी बैलबाजारात दलाल होतो, त्याच्याआधी दुसऱ्यांचे बैल धरून उन्हात उभा राहायचो. बाप कोयता घेऊन ऊसतोडीला जायचा. मला कुणी शिकवलं नाही. जे शिकलो ते रुमालाखाली. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने ठरत नाही. दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली जातात. बोटं धरून भाव सांगायचा, बोटं दाबून तोडायचा, म्हणजे पक्का करायचा. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी त्या दोघांशिवाय कुणाला काही कळत नाही, आणि जे कळलं ते दोघांनी कुठे बोलायचं नाही. आजही मोठी गाडी घ्यायची असली की मी खांद्यावरचा रुमाल काढतो. शिकलेली पोरं हसतात. हसू द्या. तोंडाने खोटं बोलणं सोपं असतं, बोटांनी बोलताना माणसाला जड जातं.

शेषेराव एसटीवर ड्रायव्हर होता. सोनपेठ-पाथरी रस्त्यावर सगळ्यात हळू गाडी त्याची. बाळंतिणी, म्हाताऱ्या, काचेचं सामान नेणारे दुकानदार हे लोक त्याचा चेहरा बघून गाडीत चढायचे. तरणी पोरं त्याचा चेहरा बघून उतरायची आणि मागच्या जीपला लटकायची. कुणी हिणवलं की तो म्हणायचा, "आत्ता गाडीभर लोकांचा जीव हाय माझ्या पायाखाली. माझा एकट्याचा असला की बग मला."

एकट्याचा असायचा तो सुट्टीच्या दिवशी. कालव्याच्या कामावर आलेल्या एका इंजिनिअरने बदली होऊन जाताना त्याला एक मोटारसायकल विकली होती. साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. तशी गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला. ही तांबडी घेऊन तो सकाळी निघायचा आणि सोनपेठ रस्त्याने असा जायचा, की माणूस दिसायचा नाही, फक्त आवाज जायचा आणि मागे धुराचा पट्टा राहायचा. शेतात वाकलेल्या बाया कंबर सरळ करून म्हणायच्या, "गेला बाई शेषेराव. आज इष्टीला सुट्टी दिसती."

मी त्या गाडीवर एकदाच बसलो. माझी जीप सोनपेठला बंद पडली होती आणि पाथरीत गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शेषेराव चहा पीत उभा. मी हात जोडले. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बस. पर मला धरायचं न्हाई. मागच्या दांडीला धर."

पहिले काही मैल असे गेले, की मला वाटलं, पायी गेलो असतो तर बरं. सवयीने तो प्रत्येक थांब्यापाशी हळू व्हायचा आणि डावीकडे मान वळवून बघायचा, कुणी चढायचंय का. गोदावरीचा पूल त्याने मान खाली घालून, देवळातून जावं तसा पार केला. पुलापलीकडे रस्ता सरळ झाला. दोन्ही बाजूंना ऊस, समोर कुणी नाही. त्याने गुडघे टाकीला आवळले आणि मनगट पिळलं. क्षणभर इंजिन नुसतं गुरगुरलं, काही होईना. आणि मग एकदम आवाज फाटला, किंचाळला, पुढचं चाक हलकं झालं, माझं पोट मागे राहिलं आणि मी पुढे गेलो.

"उघडली!" शेषेराव ओरडला. "उघडली, बाब्या!"

ऊस ऊस राहिला नाही, हिरवी भिंत झाली. डोळ्यांतून पाणी कानांकडे जायला लागलं. मी त्याच्या आईबहिणीचा उद्धार करत होतो आणि शब्द तोंडातून निघायच्या आत मागे पडत होते. लांब एक ट्रॅक्टर दिसला. त्याच्या दोन ट्रॉल्या रस्ताभर डुलत होत्या.

"ब्रेक लावा, आण्णा!"

"हिचा ब्रेक लावायचा नसतोय! हिला आदी सांगावं लागतंय!"

कसं सांगितलं कोण जाणे. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची वाढं माझ्या गुडघ्याला फटके मारत गेली, आम्ही पलीकडे होतो. पाथरीत उतरलो तेव्हा मी वेड्यासारखा हसत होतो. आयुष्यात मला फुकट काही मिळालेलं नाही. ती एक गोष्ट मिळाली.

त्या दिवसापासून ती गाडी मला हवी होती. विकायला नाही. माझ्या शेडात, माझी म्हणून.

पुढच्याच आठवड्यात नवा रुमाल खांद्यावर टाकून त्याच्या दारात गेलो. ओट्यावर पाचसहा माणसं बसलेली. मी गाडीच्या टाकीवर हात ठेवला. शेषेरावने तो मनगटाला धरून उचलला, जसा ताटातला केस उचलावा.

"बाब्या, तुझा हात बैलाचा हाय. हिला लावायचा न्हाई."

ओटा खदखदून हसला. त्यानंतर गावात मला बाबाराव कुणी म्हणेना. 'बैलाचा हात' आला, 'बैलाच्या हाताला' चहा द्या. माझ्या पोराच्या लग्नात व्याह्याने सुद्धा विचारलं, तुम्हाला असं का म्हणतात? मी हे विसरलेलो नाही. विसरणारही नाही. तरी दर दिवाळीला त्याच्या दारात जाऊन गाडी मागायचो आणि तो दर दिवाळीला नाही म्हणायचा. परभणीचे व्यापारी आले, हैदराबादहून एक हौशी डॉक्टर आला. सगळे धूर खाऊन परत गेले.

निवृत्तीनंतर काही वर्षं तो भरधाव हिंडला. मग एकाएकी रस्त्यावर दिसेनासा झाला आणि हे सुरू झालं, स्टँडवर गाडी चालू करून बसणं. लोक आपापलं कारण लावत. कुणी म्हणे बायकोने शपथ घातली, कुणी म्हणे डोळ्याला दिसत नाही. मी चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणालो, "भ्याला. म्हातारपणी सगळेच भितेत." त्याच्या कानावर गेलं असणार. मला ते हवंच होतं.

मग या उन्हाळ्यात पार्वतीकाकूंचा फोन आला.

"भाऊ, आण्णा बोलवायलेत. रुमाल घिऊन या म्हणले."

मी गेलो. ओट्यावर नेहमीची मंडळी होती. गाडी बंद होती. ते इतकं विचित्र वाटलं, की मी दारातच थबकलो. शेषेराव ओट्यावर उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता.

"गुडघे दुखायलेत," तो म्हणाला. "कर सौदा."

मी समोर बसलो, रुमाल टाकला, खाली हात घातला. त्याचा हात मांडीखालून निघाला आणि रुमालाखाली आला. मी बोटं धरली. त्याने दोन बोटं दाबली. मग तीन. मग परत दोन, मग चार, मग एक. मी मनात म्हटलं, म्हातारा फिरकी घेतो आहे, इतक्या भरभर कुणी भाव फिरवतं का? मला राग यायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, पापणी न हलवता.

बोटं काही सांगत नव्हती. ती थरथरत होती. बंद पडायच्या आधी इंजिन जसे हिसके देतं तसा सगळा हात मनगटापासून हिसके देत होता आणि तो थांबवणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

मग माझ्या ध्यानात एकेक यायला लागलं. अर्धा भरलेला उंच पेला. पाहुणा जाईपर्यंत न प्यालेला चहा. चालू गाडीचं थडथडणारं हँडल. त्यावर ठेवलेला हात हलला तर कोण म्हणणार हात हलतो आहे? अख्खी गाडीच हलते आहे.

"तुटंना का हो, बाबाराव?" मागून कुणीतरी म्हणालं.

"आण्णा लय ताणायलेत," मी म्हणालो.

मी त्याची बोटं घट्ट धरली. घट्ट धरली की ती थांबत होती. म्हणून बराच वेळ धरून ठेवली. ओटाभर लोकांना वाटलं, मोठा सौदा अडला आहे. त्याने आयुष्यभर कुणाला हात लावू दिला नव्हता, मागे बसलेल्यालाही नाही. आणि हे एका माणसाला सांगायचं, न बोलता, चारचौघांत बसून, तर त्याच्या नजरेसमोर एकच रुमाल आला होता. माझा. याचा मला आनंद व्हायला हवा होता.

"तुटला," मी म्हणालो आणि रुमाल उचलायच्या आधी त्याचा हात त्याच्या मांडीखाली जाऊ दिला.

"केवढ्याला?"

"रुमालाखालचं इचारतेत का रे, भाडखाऊ?"

भाव झालाच नव्हता. तो मीच ठरवला, आणि घरी जाऊन बायकोशी भांडलो.

दुसऱ्या दिवशी तांबडी टेंपोत चढवली. मी चावीसाठी हात पुढे केला. शेषेरावने ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आण्णा, चावी."

"बैल इकला की दावं कोण देतंय का? जुनं दावं धन्याकडंच ऱ्हातंय. तुमच्याच बाजाराची रीत हाय की."

"ते बैलाचं हो! चावीबिगर गाडी म्हंजे नुसतं लोखंड!"

"मग ठिव लोखंड."

मी चिडलो. तिथेच रस्त्यावर बरंच बोललो. पार्वतीकाकू दारात उभी राहून पदराच्या टोकाशी चाळा करत होती, ती एवढंच म्हणाली, "भाऊ, ठिऊ द्या ना त्यांच्याकडं." मी टेंपो हाकायला सांगितला.

आता दर बाजाराच्या दिवशी तो गावाहून एसटीने पाथरीला येतो, पहिल्या सीटवर बसून, ड्रायव्हरच्या चुका काढत. माझ्या शेडात शिरतो, गाडी चालू करतो, वर बसतो, हँडल धरतो आणि आल्यागेल्याशी गप्पा मारतो. गिऱ्हाइकं खोकतात. गाडी बंद करा म्हणाली की मी म्हणतो, इंजिन तपासायलेत, ड्रायव्हर माणूस हाय, त्याला कळतंय. मी चुकून टाकीवर हात टेकला तर अजून तो म्हणतो, "बैलाचा हात काढ."

एकदाच, इंजिनच्या त्या आवाजात, समोर बघत, तो म्हणाला, "पुलाच्या पुढं उघडली, बाब्या, आन् हात आपोआप पिळायला लागला. मी न्हाई पिळला. समोर बैलगाडी, तिच्यात बाया. गेलो कडंनं. पर त्या दिवशी कळलं, मनगट आता माझ्या एकट्याचं ऱ्हायलं न्हाई." मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यानेही पुन्हा सांगितलं नाही.

माझ्या शेडाला लागूनच चाव्या बनवणारा बसतो. ताज्या चहाचा कप संपायच्या आत तो कुठलीही चावी करून देतो. मी अजून करून घेतलेली नाही.

तांबडीच्या चावीच्या भोकाभोवती नवे ओरखडे उठलेत. शेषेराव खिशातून चावी काढतो, गाडीवर वाकतो, तेव्हा मी रस्त्याकडे तोंड करतो आणि जो समोर दिसेल त्याच्यावर ओरडतो. जीप आडवी का लावली, टायर इथे कुणी टाकलं, काहीही. शेडातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागतात. मागे किक ऐकू आली की मी गप्प होतो. लोक म्हणतात, बाजाराच्या दिवशी बाबारावचं डोकं जरा जास्तच फिरतं.

हल्ली बराच वेळ ओरडावं लागतं.