ट्री मारल्यावर सापडलेले आबासाहेब

कोणताही समाज किती पुढारलेला आहे, हे तो आपल्या वस्तू किती खोल ठेवतो यावरून ठरतं. या निकषावर सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं 'विरुपाक्ष आर्ट्स' हे फ्लेक्सचं दुकान बँकेच्या लॉकरपेक्षा दोन पावलं पुढे होतं. लॉकरमधली वस्तू निदान मालकाला सापडते.

दुकानाची फोल्डरपद्धत शास्त्रशुद्ध होती. दर दिवाळीला मालक विरुपाक्ष आणि त्याची बायको जगदेवी घरातली अडगळ माळ्यावर टाकत, आणि त्याच उत्साहात दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवरचं सगळं उचलून एका नव्या फोल्डरात कोंबत. पुढच्या दिवाळीला तो फोल्डर, वर्षभराच्या नव्या पसाऱ्यासकट, आणखी नव्या फोल्डरात जाई. (डेस्कटॉप स्वच्छ दिसे. स्वच्छतेकडून आणखी काय अपेक्षा असते?) एका ढोबळ पाहणीनुसार यातल्या एक तृतीयांश फोल्डरांचं नाव 'न्यू फोल्डर' होतं, एक तृतीयांशांचं 'फायनल', आणि उरलेल्यांचं 'फायनलच्या नंतरचं'.

अशा सुव्यवस्थित दुकानात एका सकाळी आबासाहेब आले. आबासाहेब म्हणजे माजी नगरसेवक आणि दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दर वाढदिवसाला चौकाचौकात त्यांचे फ्लेक्स लागत आणि प्रत्येकावर एकच फोटो असे: काळेभोर केस, पांढरा सदरा, नजर विकासाकडे. (विकास फोटोच्या चौकटीबाहेर होता.) फोटो काढल्यानंतर आबासाहेबांचे केस पांढरे झाले, मग विरळ झाले, मग गेले, फोटोने मात्र आपलं काम सोडलं नव्हतं. यंदा तोच सापडत नव्हता.

"विरुपाक्ष, परवा वाढदिवस हाय," आबासाहेब खुर्चीत बसत म्हणाले. "फोटो हाय का न्हाय तेवढं सांग. समोरचा ताबीश नवीन फोटो काढतो म्हणतोय."

ताबीशचंही फ्लेक्सचंच दुकान होतं. आबासाहेब तिकडे गेले की त्यांचे कार्यकर्ते जाणार, कार्यकर्त्यांमागून त्यांचे साडू आणि मेहुणे जाणार, आणि विरुपाक्षकडे बारशाचे फ्लेक्स तेवढे उरणार.

कॉम्प्युटरला शोधायला सांगून झालं होतं. हिरवी पट्टी सरकत सरकत कडेपर्यंत गेली आणि तिथेच विचार करत बसली होती. तेव्हा विरुपाक्षला आपलं शिक्षण आठवलं. तरुणपणी त्याने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत बसायचा. (हा मान तेव्हा देव आणि कॉम्प्युटर या दोघांनाच होता.) तिथे सरांनी काळ्या पडद्यावर नुसतं 'ट्री' टाइप करायला शिकवलं होतं. एंटर मारला की कोणाच्या पोटात कोण फोल्डर आहे, ते कॉम्प्युटर फांद्या काढून दाखवत असे. पुढे चित्रं आली, माउस आला, आणि एवढं सरळ उत्तर मिळतं हे लोक विसरून गेले.

"अहो, ते अजून चालतंय व्हय?" जगदेवीने विचारलं.

चाललं. फोल्डरांची रांग सुटली. पडदा प्रूफ दाखवण्यासाठी गिऱ्हाइकाकडे तोंड करूनच ठेवलेला असल्यामुळे आबासाहेबही खुर्ची ओढून पुढे सरकले. 'न्यू फोल्डर'च्या पोटी 'न्यू फोल्डर' जन्मत होते.

"खानदान लई मोठं हाय की," आबासाहेब कौतुकाने म्हणाले.

मग रांग थांबली. पडद्यावर शेवटच्या तीन ओळी स्थिर झाल्या:

तयार श्रद्धांजली
— आबासाहेब ६ बाय ४
— चन्नवीरशेठ २० बाय १०

इथे खुलासा आवश्यक आहे. या धंद्यात श्रद्धांजलीचा फ्लेक्स अंत्ययात्रा चौकात पोचण्याआधी लागावा लागतो. नंतर लागला तर बातमी शिळी वाटते. त्यामुळे मागे आबासाहेब दवाखान्यात होते तेव्हा विरुपाक्षने फ्लेक्स करून ठेवला होता. आबासाहेब ठणठणीत होऊन घरी आले. फाइल डिलीट करणं अशुभ दिसलं असतं म्हणून ती राहिली, आणि फोटोही तिच्याबरोबर राहिला.

"उघड," आबासाहेब म्हणाले.

विरुपाक्षने उघडली. तेच काळे केस, भोवती काळी चौकट, नावाआधी 'लिंगैक्य', म्हणजे लिंगायतांचं 'कैलासवासी'. कुंभारी गावात बहिणीकडे उरलेलं आयुष्य काढता येईल का, याचा विरुपाक्ष गंभीरपणे विचार करू लागला.

आबासाहेबांनी चष्मा लावून पाहिलं. "फोटो झ्याक हाय," ते म्हणाले. मग ते खुर्चीतून उठले. "पण मी सहा बाय चार? आन् तो चन्नवीर वीस बाय दहा?"

चन्नवीरशेठ हे त्यांचे निवडणुकीतले जुने प्रतिस्पर्धी. त्यांची तब्येत उत्तम होती.

"त्यांचा चौक मोठा हाय," जगदेवी हळूच म्हणाली.

"माझा पंचवीस बाय बारा कर. आन् वर 'तरुण, तडफदार' टाक."

"आबासाहेब, श्रद्धांजलीत तरुण..."

"फोटो बघ की."

वाढदिवसाचे फ्लेक्स अर्थातच विरुपाक्षकडेच झाले. बातमी पेठेत पसरली आणि लोक धावून आले. दुकान फोडायला नाही, आपली साइज विचारायला. ज्यांचा फोल्डरच नव्हता ते पडलेल्या चेहऱ्याने घरी गेले आणि दोन दिवस जेवले नाहीत. चन्नवीरशेठनी तीस बाय पंधरा केला; आबासाहेबांनी चौक रुंद करण्याची मागणी केली. विरुपाक्षने नाइलाजाने नियम लावले: प्रूफ संबंधित व्यक्तीने स्वतः, शक्यतो चालत येऊन पाहावं, मंजूर फोटो वयाच्या कारणावरून बदलून मिळणार नाही, तळाच्या ओळीत 'शोकाकुल' म्हणून ज्यांचे छोटे फोटो हवेत, त्यांची लेखी संमती आणावी. पहिले दोन नियम लोकांनी आनंदाने पाळले. तिसऱ्यापाशी मात्र बरीच कामं अडून आहेत.

आता सोलापूरच्या लोकांना हसायचं तर खुशाल हसा. पण इथवर वाचताना तुम्हीही मनातल्या मनात आपला फोटो निवडून ठेवलात: कुणाच्या तरी लग्नातला, पोट न दिसणारा. तळाच्या 'शोकाकुल' ओळीची जुळवाजुळव मात्र अजून चालू असेल.