पाक एर्ते नदी ओलांडतात

प्राचीन साम्राज्याचं नाव लावणाऱ्या शहरावर मोठी जबाबदारी असते. जावा बेटावरच्या आमच्या केदिरीचं साम्राज्य बुडून आठशे वर्षं झाली, तरी शहराने नाव सोडलेलं नाही आणि दराराही. सत्तेवरच्या माणसाने ब्रांतास नदी ओलांडली की त्याची खुर्ची जाते, असं आम्ही मानतो. राजधानीतले बडे लोकही मानतात आणि इकडे फिरकत नाहीत. त्यामुळे रस्त्यांची डागडुजीही फिरकत नाही; पण दरारा म्हटला की एवढं चालायचंच.

मीही सत्ताधारी आहे. नदीच्या पश्चिमेकडच्या एका गल्लीचा मी प्रमुख, म्हणजे पाक एर्ते. माझ्या अखत्यारीत चाळीसेक घरं, एक गटार आणि एक शिक्का येतो. (दाखल्यावर तो उमटल्याशिवाय माणूस इथे राहतो हे सिद्ध होत नाही, मग तो जन्मापासून राहत असो.) पद मिळाल्यापासून मी पूल ओलांडलेला नाही. मोठा बाजार पलीकडे आहे, आणि माझी मुलगी एंदांगही. तिला मुलगी झाली तेव्हा मी फोटोवर भागवलं.

नात सात महिन्यांची झाली. आमच्यात तेव्हा बाळाचे पाय पहिल्यांदा मातीला लावतात. मी सुचवलं, माती सगळीकडे सारखीच, तिला इकडे आणा. विहीणबाईंचा निरोप आला, "पोरीचं अंगण इथे आहे. पाक एर्तेंना कामं असतील तर राहू दे."

माझी बायको पार्तिनी पिवळा टोफू विकायला रोज पलीकडे जाते. टोफू तळता तळता ती म्हणाली, "इतक्या वर्षांत तुमच्याविरुद्ध कुणी उभं तरी राहिलंय का? फुकट दिली तरी कुणी घेत नाही ती खुर्ची. उद्या नात विचारेल, आजोबा कुठंयत, तर काय नदीकडे बोट दाखवू?"

मला राग आला, मग रडू आलं. शिक्का खिशात घातला (सत्ता घरी एकटी सोडू नये) आणि तिच्या स्कूटरवर मागे बसलो. पूल संपेपर्यंत डोळे मिटून होतो.

नातीला चिकट भाताच्या रंगीत वड्यांवरून चालवलं, मग बांबूच्या खुराड्यात बसवलं. समोर पुस्तक, कंगवा, सोन्याची साखळी. जे उचलेल ते तिचं भविष्य. मी कौतुकाने वाकलो. तिने फटीतून हात काढून माझ्या खिशातला शिक्का ओढला आणि तोंडात घातला. शाईने ओठ जांभळे झाले. काढून घ्यायला गेलो तर तिने भोकाड पसरलं.

"घ्या," पार्तिनी म्हणाली, "ओलांडली नदी, गेली खुर्ची."

मी नातीला उचललं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

महिना झाला. शिक्का पलीकडेच आहे. नातीला दात येताहेत. गल्लीत माणसं राहताहेत, गटार तुंबायचं तसं तुंबतंय, आणि शिक्का मागायला एकही माणूस आलेला नाही. तुम्ही हसत असाल. खुशाल हसा. फक्त तुमचा शिक्का कुठल्या खिशात आहे आणि त्याच्यापायी कुणाचं बारसं चुकवलंत, तेवढं आठवून मग हसा.