निळ्या रंगाचं खारं पाणी

गावाला फसवलं ते बिल्डरने, जोगळेकर सरांनी नव्हे. आमच्या गिरीज गावात अजून उलटंच सांगतात, म्हणून हे आधी लिहून ठेवतो.

सर तेलाच्या कंपनीतून निवृत्त होऊन आमच्या वाडीशेजारी राहायला आले. एकटेच. पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी चहात पाव बुडवला आणि खाल्लाच नाही, नुसते बघत बसले. "चहा वर चढतोय, हवा बाहेर पळतेय. एकेका भोकासाठी मारामारी!"

आई आतून कुजबुजली, "दुसरा पाव दे रे त्यांना. त्यात कायतरी पडलंय वाटतं."

सरांनी नोकरीभर हेच केलं होतं. समुद्राखालच्या खडकाच्या बारीक भोकांतून तेल, पाणी, वायू एकमेकांना कसे रेटतात, त्याचं कॉम्प्युटरवर गणित. इथे त्यांनी आमच्या जमिनीचे चौकोन पाडले. विहिरीविहिरीत दोरी सोडायचे, पाण्याचा थेंब जिभेवर घेऊन डोळे मिटायचे. गणित दिवसरात्र चालायचं. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

मी केळ्यांचा व्यापारी. विचारलं, "सर, यातून सुटतं काय?"

"शेठ, जमीन घासाघीस करत नाही. विचाराल तेवढंच सांगते."

बिल्डरला आमचं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी मुरवणारं जुनं तळं, बुजवून इमारती उठवायच्या होत्या. "गावासाठी करा, सर," म्हणून त्याने फुकटात गणित करून घेतलं. उत्तर वाईट आलं. तळं बुजवून वर बोअर मारल्या, तर खाडीचं खारं पाणी विहिरींत शिरणार. तेलाच्या कामातल्या सवयीने सरांनी चित्रात खारं पाणी निळं रंगवलं, गोडं पिवळं. कोणता रंग कशाचा, ते खालच्या पट्टीत लिहिलं होतं.

ग्रामसभेची वेळ सरांना मुद्दाम चुकीची कळवली गेली. चित्र भिंतीवर लागलं, पट्टी कापलेली. बिल्डर म्हणाला, "बघा, जिकडेतिकडे निळंनिळं! पाणीच पाणी!" टाळ्या पडल्या. तळं गेलं.

आता केळीच्या पानांच्या कडा करपतात. आई तांब्या तोंडाला लावते आणि खाली ठेवते. "पानी पानी नाय रं रायलं." लोक सरांना रस्त्यात अडवून विचारतात, "काय सर, तुमच्याच चित्रात पाणी होतं ना?" सर म्हणतात, "रंग माझेच होते."

परवा मी चिडून त्यांच्याकडे गेलो. "भांडा की! गप्प काय बसता?"

कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर आमच्या आईची विहीर, एकटीच.

"गणितात तळं परत खणून बघितलं," सर म्हणाले. "बोअर बंद केल्या. पाऊसही वाढवला. पाणी पुन्हा गोडं होतं, शेठ, पण वर्षं लागतात. आईंचं वय बघता... तेवढ्यात होत नाही." त्यांनी पुन्हा आकडे बदलले. "या गावात मला 'जेवलात का' एवढं त्या एकट्याच विचारतात हो."

सर भांडणार नाहीत. पण बिल्डरला मी सांगणार: ये, आणि माझ्या आईच्या हातून तिच्या विहिरीचं तांब्याभर पाणी पी. संपव. मग भर सभेत सांग, ती पट्टी कोणी कापली?